तुम्ही विचारलंत म्हणून: दारूत जंतू मरत नाहीत का?

घरी बीअर करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "दारूच ना ती? दारूत जंतू मरतात. मग तासन् तास भांडी कसली धूत बसतोस?" इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आज एकदाच सगळं सांगून टाकतो.

बीअरमध्ये अल्कोहोल साधारण ५ टक्के असतं. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये ते ६०-७० टक्के असतं. आंबटपणा, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि अल्कोहोल मिळून रोगजंतूंना बीअरमध्ये वाढू देत नाहीत, हे खरं. पण बीअर नासवणारे जीव वेगळेच. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचे भाऊबंद तिच्यात जगतात, आणि जंगली यीस्टला तर हॉप्सची फिकीरच नसते. कोपनहेगनला कार्ल्सबर्गची बीअर अशाच यीस्टनं बिघडली होती. त्याच शोधातून तिथल्या एमिल हान्सेन या शास्त्रज्ञानं १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. एवढ्या मोठ्या कारखान्याची ती गत, तर मी बीअर आंबवतो त्या बादलीचं काय घेऊन बसलात?

तरी हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

२०१९ च्या जुलैत बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. त्याआधी तीन आठवडे मी पेल एल या प्रकारच्या बीअरच्या ४८ बाटल्या भरून बेसमेंटच्या कपाटात ठेवल्या होत्या. आपला पंचा आपणच धुऊन वाळत घालायची बाबांची सवय, म्हणून खाली दोरी बांधून दिली होती. सकाळी सहाला खालून दोन आवाज आले, एकापाठोपाठ एक. धावत गेलो तर कपाटाचं दार सताड उघडं, जमिनीवर फेस आणि काचा, आणि बाबा अनवाणी, पंचा पोटरीला दाबून धरून उभे. चार टाके पडले. गाडीत ते एवढंच म्हणाले, "यातल्या तू लोकांना देणार होतास ना?"

दहा-बारा बाटल्या खरंच देणार होतो. एक तर बाळ असलेल्या घरी जाणार होती.

उरलेल्या बाटल्या जाड हातमोजे आणि गॉगल घालून, ओल्या टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एक उघडली. फेस थांबेना. गॅस पूर्ण जाऊ दिला आणि हायड्रोमीटर टाकून घनता (ग्रॅव्हिटी) मोजली: १.००४. भरताना १.०१२ होती; साखर खाल्ली गेली की हा आकडा उतरतो. बाटलीत फेस यावा म्हणून १९ लिटरला साखर घातली होती ११५ ग्रॅम, म्हणजे जास्त नव्हेच. साध्या एल यीस्टला न पचणारी साखर कोणीतरी खाल्ली होती, आणि त्यातून झालेल्या गॅसनं बाटल्या फुटल्या होत्या.

मग बादलीचा नळ गरम पाण्यात टाकून ओढला. तो दोन तुकड्यांचा असतो, एकात एक फिरणारा. दोन वर्षांत मी तो कधी सुटा केला नव्हता. आतल्या तुकड्यावर भाताच्या पेजेसारखा तपकिरी थर होता, बोटाला बुळबुळीत लागणारा, लवंगेच्या वासाचा. मार्चमध्ये याच बादलीत मी सेझन ही बेल्जियन पद्धतीची बीअर केली होती. तिच्या काही यीस्ट डायस्टॅटिकस जातीच्या असतात, त्या डेक्स्ट्रिन, म्हणजे साध्या यीस्टला न पचणारी साखरही फोडून खातात.

दर वेळी त्या नळातून सॅनिटायझर सोडायचो. फेस बाहेर आला की झालं, असं समजायचो. मळाखाली सॅनिटायझर पोचत नाही. आधी घासावं लागतं, मग निर्जंतुक करायचं. बादलीही ओरखडलेली होती, ती फेकली.

बीअर करणारा माझा एक मित्र अजून म्हणतो की नळाला दोष देऊ नकोस, तू घाईनं बाटल्या भरल्यास. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. दहाव्या दिवशी एकदाच ग्रॅव्हिटी घेतली होती. तीन दिवसांनी परत घेऊन तोच आकडा येतो का, हे पाहिलं नव्हतं. पण तो तपकिरी थर मी विसरू कसा? तेव्हाचा मी म्हणतो, पुस्तकात होतं ते सगळं केलं होतं. केलंही होतं. बाबांच्या पोटरीवरचा व्रण पाहिला की हे वाक्य माझ्याच्यानं पुरं होत नाही. नमुना प्रयोगशाळेत द्यायला हवा होता. दिला नाही, सगळं मोरीत ओतलं.

आता सेझनची बादली, नळी आणि नळ वेगळे आहेत, लाल चिकटपट्टी लावलेले. बाटल्या झाकणाच्या खोक्यात असतात. बाबा त्यानंतर दोनदा येऊन गेले. पंचा वरच्या बाथरूममध्ये वाळत घालतात. खाली घाला, असं मीही म्हणालेलो नाही.