धारावी डेपोसमोरचं जंगल

झाडं बघायला जायचं म्हटलं की अख्खी मुंबई बोरिवलीच्या नॅशनल पार्ककडे धावते. रविवारची ती गर्दी मला झेपत नाही. म्हणून सायनला उतरून बस पकडली आणि धारावी डेपोसमोरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात शिरले.

इथे पूर्वी मुंबईचा कचरा पडायचा. तो बंद झाल्यावर वर माती घालून झाडं लावली, लावणाऱ्यांत डॉ. सलीम अलीही होते. १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. सुमारे ३७ एकरांत आता इतकी दाट सावली आहे की भर दुपारी टोपी पिशवीत गेली. वारा फिरला की मिठी नदीचा वास येतो, आणि डास तर विचारू नका. फुल बाह्यांचे कपडे घाला, वर ओडोमासही लावा.

शांततेच्या आशेने आले होते, तर समोर महापालिकेच्या शाळेची सहल! कपाळावर आठी घेऊनच मागून चालले. माहिती देणारी ताई कढीपत्त्याच्या झाडाशी थांबली आणि एका पानाकडे बोट दाखवलं.

“चिमणीची शीट!” एक पोरगा ओरडला.

शीट हलली. ती फुलपाखराची अळी होती. पक्ष्यांनी घाण समजून सोडून द्यावं म्हणून लहानपणी असं रूप, मोठी झाली की हिरवीगार. ताईने काडीने हळूच टोचलं तसं डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर आलं आणि आंबट-उग्र वास सुटला. शत्रूला पळवायला.

“ई! खाडीसारखा!”

“हट, आमच्या गल्लीत चामड्याचा येतो, त्याच्यापुढे हा काहीच नाय,” एक मुलगी ठसक्यात म्हणाली. मग कोणाच्या गल्लीत कसला वास यावरच भांडण जुंपलं. शिंग केव्हाच आत गेलं होतं.

राज्य फुलपाखरू नीलवंतच्या अळ्याही अशाच शिंगाच्या, पण त्यांना लिंबू-पपनसाची पानं लागतात, असं ताई सांगत होती. ऐकतंय कोण! बाई “रांग करा रे” म्हणून घसा फोडत राहिल्या आणि पोरं लिंबाच्या झाडाकडे पळाली. मीही.

पहिली अळी माझ्या आधी त्या चामड्यावालीलाच सापडली.