हायब्रिड घ्यायची ठरली, पण व्हेरियंट कोणतं? तीन आठवड्यांची डोकेफोड

गाडी हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेली, घ्यायची हे आमचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं, खरी डोकेफोड सुरू झाली ती व्हेरियंटवरून. ब्रोशरच्या मागे तो टिकमार्कचा तक्ता असतो ना, बेसला चार टिका, मधल्याला दहाबारा आणि टॉपला वरपासून खालपर्यंत सगळ्या, तो बघितला की बाकी दोन आपल्याला चिडवायलाच छापलेत असं वाटतं. त्यात बायकोला सनरूफ हवं होतं, ते फक्त टॉपला, म्हणजे विषय जवळपास संपलाच होता.

मी अडकलो चाकांपाशी. टॉपला मोठी अलॉय व्हील्स येतात, फोटोत भारी दिसतात, पण आपण हायब्रिड घेतो ती ॲव्हरेजसाठी, आणि नेमकं तेच ही चाकं खातात. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडचंच बघा. २०२३ च्या मॉडेलला अमेरिकेच्या सरकारी रेटिंगमध्ये १७ इंची चाकांच्या बेस व्हेरियंटला ५७ मैल प्रति गॅलन मिळाले आणि १९ इंचीवाल्या वरच्या व्हेरियंटना ५२, म्हणजे लिटरला साधारण २४ किलोमीटरचे २२ झाले. इंजिन तेच, बॅटरी तीच! वर टायरची कड पातळ झाली की खड्डा थेट कमरेला कळतो, आणि ज्याला आपण कम्फर्ट पॅकेज म्हणून जास्तीचे पैसे देतोय त्यातच हे होतं, हे मला जरा जास्तच लागलं.

एसीचं प्रकरण तर मला माहीतच नव्हतं. काही गाड्यांमध्ये नाव एकच पण खालच्या व्हेरियंटला माइल्ड हायब्रिड (मोटर इंजिनला नुसता हातभार लावते) आणि वरच्याला स्ट्राँग हायब्रिड (मोटर काही वेळ एकटीही गाडी चालवते) असते, त्यामुळे 'हायब्रिड' एवढा बॅज बघून तुलना करू नका. बऱ्याच माइल्डमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, सिग्नलला इंजिन बंद झालं की नुसता पंखा वारा मारत बसतो आणि थोड्या वेळाने तो वाराही कोमट होतो, मग गारव्यासाठी इंजिन परत चालू. स्ट्राँगमध्ये कॉम्प्रेसर विजेवरच चालतो, इंजिन बंद असलं तरी गारवा तसाच राहतो. माझ्या मते कम्फर्टमधला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि तक्त्यात त्याला स्वतंत्र टिकसुद्धा नाही.

थंडीत उलटं होतं. बहुतेक हायब्रिडचा हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो, त्यामुळे गाडी बॅटरीवर आरामात चालली असती तरी केवळ तुमचे पाय गरम ठेवायला इंजिन सुरू राहतं. हीटेड सीटला मी आधी चोचले म्हणायचो, पण ती थोड्याशा विजेत थेट पाठ गरम करते म्हणून हीटर कमीवर ठेवून भागतं, सो थंड जागी राहणाऱ्यांनी त्यासाठी एक पायरी वर जायला हरकत नाही. आतून हवा खेळवणाऱ्या व्हेंटिलेटेड सीटचंही तसंच, पाठीला घाम येत नाही.

आवाजाबद्दल एक. इंजिन बंद असताना गाडी इतकी शांत होते की टायरचा आणि वाऱ्याचा आवाज उगाच मोठा वाटायला लागतो, त्यामुळे वरच्या व्हेरियंटला पुढच्या दारांना लॅमिनेटेड, म्हणजे आवाज अडवणारी थरांची काच असेल तर ती सनरूफपेक्षा जास्त कामाची. मात्र ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जी एकसुरी घरघर करतं, ती कुठल्याच व्हेरियंटने जात नाही, टॉपलाही तीच घरघर.

तर सनरूफ. शोरूमवाला मुलगा बायकोला म्हणाला मॅडम एकदा बघाच, आणि काच उघडून दाखवली, तिचा चेहरा बघून मी मनातल्या मनात लोनचा हप्ता वाढवून टाकला. मग मी तिला म्हटलं जरा मागे बस. बसली. केस छताला टेकले, सनरूफच्या यंत्रणेमुळे छत खाली येतं ना. दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "आई मागे कशा बसणार? राहू दे."

आईंचे गुडघे हा तर वेगळाच विषय. त्यांना सीटची उंची, दार किती उघडतं आणि मागचे एसी व्हेंट यापलीकडे काही नको होतं, ते सगळं मधल्यात होतं. तुमच्याकडेही मागे सामान टाकायची सवय असेल तर मागच्या सीटच्या कडेला एखादी जाळी आहे का बघून घ्या, बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी गार ठेवणारी हवा तिथूनच आत जाते, त्यावर पिशवी किंवा गोधडी ठेवायची नाही. आणि डिकीचं कव्हर उचलून स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट तेही बघा, आम्ही तिसऱ्या फेरीला बघितलं!

शेवटी मधलं घेतलं. ३६० डिग्री कॅमेरा मात्र टॉपलाच होता, आणि रोज संध्याकाळी पार्किंगच्या खांबाशेजारी मान वाकडी करून गाडी मागे घेताना मला त्याची आठवण येते, बायको शेजारून "अजून आहे, अजून आहे, बस्स!" करत असते.