रविवारची गोळी

सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. बोटं सुजलेली, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ मळताना मनगटातून कळ निघायची. तास-दीड तासाने जरा मोकळं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "हाऊ वात शे वं माय." तेल चोळलं, शेक घेतला, मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. त्यात पाच महिने गेले, ते आजही मनाला लागतं. शेवटी अमळनेरहून जळगावला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह. निदान झालं, आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

डॉक्टर म्हणाले, "ताई, दुखण्याची गोळी दुखणं दाबते. सांधा आतून खराब होतो, ते तिने थांबत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेट." गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर थोडं स्टेरॉइड, तेही मनाने बंद करायचं नाही. मूल होऊ द्यायचं आहे का, हेही विचारलं, कारण या औषधाने पोटातल्या बाळाला धोका असतो. माझं ऑपरेशन झालेलं आहे.

गोळी आठवड्यातून एकदाच. मी रविवार धरला.

घरी येऊन पाकीट पाहिलं, तर दुकानातल्या मुलाने त्यावर पेनाने लिहिलेलं, 'रोज १'. डॉक्टरांच्या कागदावर मात्र 'आठवड्यातून एकदा'. त्यात औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलेली फॉलिक अॅसिडची गोळीही तशीच बारीक, पिवळी. माझे हातपाय गार पडले. ह्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एकदाच. ही गोळी रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेततं. ते पाकीट मी फाडलं. कॅलेंडरवर दर रविवारी लाल खूण केली, आणि गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवल्या. तुमच्या घरात कुणाला हे औषध चालू असेल तर आजच पाकिटावरचं वाचून बघा.

सोमवारी मळमळायचं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला लागले, तसं कमी झालं. सुरुवातीला दर महिन्याला रक्त द्यायचं, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि पेशी बघायला. आता तीन महिन्यांनी.

सातव्या आठवड्यापर्यंत काही फरक नव्हता. मी रडले, सोडून द्यावंसं वाटलं. दहाव्या आठवड्यात एका सकाळी वेणीचा पेड हातात नीट धरला गेला.

त्या श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या देवीच्या, नैवेद्याच्या रोटांचं पीठ मी मळलं. थोडंच, उरलेलं जाऊबाईंनी. रात्री आरती झाल्यावर सासूबाईंनीच आठवण केली, आज रविवार आहे.