११५० किलोबिटांत बसवलेला कृष्णधवल सिनेमा

मामांनी आज पहिली डिस्क मध्यंतरापर्यंत सलग पाहिली. एकदाही चित्र फुटलं नाही, एकदाही प्लेअर अडखळला नाही. डीव्हीडीवरचा जुना सिनेमा व्हीसीडीवर, म्हणजे साध्या सीडीवरच्या व्हिडिओत, उतरवणं सहा सीडी वाया गेल्यावर जमलं आहे, म्हणून आठवण ताजी आहे तोवर सगळं लिहून काढतो. जुन्या प्लेअरसाठी हाच खटाटोप कुणी करत असेल तर त्याच्या निदान चार सीडी वाचतील.

मामा ८१ वर्षांचे. गाव राजापूरच्या पुढे, घरात २१ इंची ट्यूबचा टीव्ही आणि वीस वर्षांहून जुना व्हीसीडी प्लेअर. तो डीव्हीडी वाचत नाही, पेनड्राइव्हची सोय नाही. पण त्या रिमोटची बटणं मामांच्या बोटांना पाठ आहेत, आणि नजर अधू झाल्यावर याची किंमत कळते. त्यांनी तरुणपणी टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिलेले तीन मराठी सिनेमे मी डीव्हीडीवर जमवले होते. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. या तिन्हींचा तो संपला आहे आणि डिस्कना नक्कल रोखणारं कुलूपही नाही. मे महिन्याची सुट्टी, लॅपटॉप, यूएसबीचा सीडी रायटर आणि लॅमिंग्टन रोडवर शोधून आणलेल्या ५० कोऱ्या सीडी, एवढं घेऊन इथं आलो.

व्हीसीडीचं गणित आधी डोक्यात पक्कं हवं. १९९३ साली व्हाइट बुक या नियमपुस्तिकेत ठरलेली ही पद्धत ऑडिओ सीडीच्याच वेगानं फिरते. सेकंदाला ७५ सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे कप्पे), प्रत्येकात कामाचे २३२४ बाइट. म्हणून ७४ मिनिटांच्या सीडीवर व्हिडिओही ७४ मिनिटांचाच मावतो. चित्र एमपेग-१ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत सेकंदाला ११५० किलोबिट, आवाज एमपी२ या तशाच पद्धतीत २२४ किलोबिट. डीव्हीडीला याच्या आठपट बिट वापरायची मुभा असते, शिवाय शांत प्रसंगात हात आखडून धावपळीच्या प्रसंगात सैल सोडता येतो. व्हीसीडीला ती मुभा नाही. नदीला पूर आलेला असो की रिकामं अंगण असो, सेकंदाचा वाटा तेवढाच.

पहिली सीडी मी घाईत केली. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल-व्हीसीडी’ टार्गेट, म्हणजे सेटिंगचा तयार संच, असतं. ते लावलं की आकार, बिटरेट, आवाज सगळं आपोआप बसतं. पाल ही आपल्या टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणून भारतातली डिस्क म्हणजे पालच असणार असं धरून चाललो. प्रत्यक्षात डीव्हीडी एनटीएससी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० फ्रेमच्या अमेरिकी पद्धतीची, निघाली, ७२० बाय ४८०. जुन्या मराठी-हिंदी सिनेमांच्या डिस्कवर हे नेहमी दिसतं, तरी मी तपासलं नव्हतं. निकाल असा की बैलगाडी डावीकडून उजवीकडे जाताना दर काही क्षणांनी धक्का खायची आणि चाकाच्या कडा करवतीसारख्या दिसायच्या.

आता डिस्क हातात आली की मी आधी एखादा हलता प्रसंग काढून एकेक फ्रेम पुढे नेत पाहतो. पाचांपैकी तीन फ्रेम स्वच्छ आणि दोन दातेरी असा क्रम सतत चालू असेल, तर सेकंदाला २४ फ्रेमचा मूळ सिनेमा ३० च्या चौकटीत ताणून बसवलेला आहे. हा ताण उलटा काढता येतो. एफएफएमपेगमध्ये आधी ‘फील्डमॅच’ आणि मग ‘डेसिमेट’ हे दोन फिल्टर लावले की दोन फ्रेममध्ये विखुरलेल्या एकाआड एक रेघा पुन्हा आपापल्या फ्रेममध्ये जाऊन बसतात आणि जास्तीची फ्रेम गळते. हाती राहतात सेकंदाला २३.९७६ फ्रेम, आणि व्हीसीडीच्या नियमांत हा वेग मान्य आहे. टार्गेटचं नाव ‘फिल्म-व्हीसीडी’, आकार ३५२ बाय २४०.

धक्का तर गेलाच, पण खरी कमाई बिटांची झाली. २९.९७ च्या वेगानं दर फ्रेमच्या वाट्याला सुमारे ३८ हजार बिट येत होते, ते आता ४८ हजार झाले. एनकोडरच्या, म्हणजे चित्र दाबून एमपेग करणाऱ्या भागाच्या, एका सेटिंगला हात न लावता सव्वापट. तेव्हापासून मी एनकोडरच्या चाव्या पिरगाळत बसणं सोडून दिलं. व्हीसीडीची प्रिंट चांगली येते ती एनकोडरकडे जाण्याआधी चित्रावर जे काम होतं त्यानं, हे माझं आता ठाम मत आहे.

आकार लहान करतानाही थेट ७२० वरून ३५२ वर उडी मारू नये. दोन्ही बाजूंचे ८-८ पिक्सेल कापले की ७०४ उरतात आणि त्याचं नेमकं निम्मं ३५२. उभ्या दिशेलाही ४८० चं निम्मं २४०. कडा स्वच्छ येतात, चेहऱ्यांची ठेवण बिघडत नाही.

कृष्णधवल सिनेमा असेल तर रंगाची माहिती पूर्ण पुसून टाका. पडद्यावर रंग दिसत नाही म्हणून डिस्कवर तो नसतोच असं नाही. माझ्या डीव्हीडीत राखाडी रंगाच्या आड हिरवट-जांभळट कचरा सतत वळवळत होता. चित्राच्या १६ बाय १६ च्या प्रत्येक चौकोनात सहा ब्लॉक असतात, चार उजेडाचे आणि दोन रंगाचे. सॅच्युरेशन शून्य केलं की त्या दोघांवर खर्च उरत नाही, आणि वाचलेलं सगळं चेहऱ्याकडे, नऊवारीच्या काठाकडे, मागच्या झाडाच्या पानांकडे जातं.

यापुढचा आठवडा गेला उजेडाच्या लुकलुकीत. हा भाग मला सगळ्यात अवघड गेला आणि सगळ्यात आवडलाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिनेमात एक लांब प्रसंग आहे. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, मागे पांढरी भिंत, कॅमेरा जागचा हलत नाही. असा प्रसंग एमपेगला सोपा जायला हवा, कारण मागच्या फ्रेममधलं जवळपास सगळं पुढच्या फ्रेममध्ये उचलून ठेवता येतं. पण इथंच चौकोन सगळ्यात जास्त फुटत होते. त्याच सिनेमातली कुस्ती याहून बरी दिसत होती. दोन रात्री कारण सापडेना. मग चित्राचा सरासरी उजेड फ्रेमगणिक मोजला, तेव्हा तो आकडा एकसारखा वरखाली होताना दिसला. जुन्या फिल्मचा उजेड दर फ्रेमला किंचित बदलतो. डोळ्याला ती हलकी लुकलुक वाटते, पण एमपेग-१ ला ‘तीच भिंत, फक्त दोन टक्के अधिक उजळ’ असं सांगायची सोय नाही. तिथली वस्तू हललेली तो समजून घेतो, उजळलेली नाही. मग त्याला दर फ्रेमला अख्ख्या भिंतीचा फरक नव्यानं लिहावा लागतो आणि ४८ हजार बिट भिंतीतच संपतात. म्हातारीच्या चेहऱ्याला काही उरत नाही.

उपाय म्हणजे ‘डीफ्लिकर’ फिल्टर. आजूबाजूच्या फ्रेमचा उजेड पाहून तो सरासरी काढतो. मी पाच फ्रेमवर ठेवला. दहावर नेला की दिवा मालवण्याचा प्रसंगही तो सपाट करायला लागतो. त्याच्यानंतर ‘एचक्यूडीएनथ्रीडी’ हा चित्रातले रवे कमी करणारा फिल्टर अगदी हलक्या हातानं, फिल्मचे रवे जरा शांत होतील इतपत. जोर वाढवला तर चेहरे मेणाचे दिसतात, आणि ते मला चौकोनांपेक्षाही खुपतं. ही दोन कामं झाल्यावर उंबऱ्याचा प्रसंग पुन्हा लावला. म्हातारीच्या कपाळावरच्या रेघा मोजता येत होत्या.

एक लहानशी युक्ती आणखी. ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे दडतात. किती, ते तपासायला आकडे लिहिलेली एक रेघांची फ्रेम करून मामांच्या टीव्हीवर लावली. डावी-उजवीकडचे १६ पिक्सेल पूर्ण झाकले जातात, वर-खाली तेवढे नाहीत. म्हणून फक्त बाजूच्या दोन १६ पिक्सेलच्या पट्ट्या काळ्या केल्या. ३३० चौकोनांपैकी ३० फुकटात वाचले. पट्टी १६ चीच हवी. १० ची केली तर काळं-पांढरं एकाच चौकोनात येतं आणि खर्च उलट वाढतो.

आवाजाचं थोडक्यात. सिनेमा मोनो, पण डीव्हीडीच्या डाव्या-उजव्या बाजूंत खरखर वेगवेगळी होती. उजवी बाजू स्वच्छ वाटली, तीच दोन्हीकडे ठेवली, ४८ वरून ४४.१ किलोहर्ट्झवर आणली. खरखर काढायच्या फंदात पडलो नाही. तिच्याबरोबर टाळांचा खणखणाट जातो.

डिस्क कुठे तोडायची हा प्रश्न आपल्या सिनेमात पडत नाही. ‘मध्यंतर’ची पाटी असतेच. पहिला भाग ६९ मिनिटं, दुसरा ६२. दोन्ही ७४ मिनिटांच्या आत आहेत. ८० मिनिटांच्या सीडीवर काठोकाठ भरलं की हा प्लेअर बाहेरच्या कडेला शेवटची मिनिटं चाचपडतो.

गाण्यांची मात्र पंचाईत झाली. मामांना ‘पुढे’ बटण दाबून गाणं लावायची सवय. मी व्हीसीडीइमेजर या व्हीसीडी बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याला एन्ट्री पॉइंट, म्हणजे उडी मारायची खूण, दिला होता, त्यात चित्र कुठेही तुटत नाही. पण त्यांच्या प्लेअरचं बटण एन्ट्री ओळखत नाही, ट्रॅक ओळखतं. आणि वेगळा ट्रॅक केला की मध्ये दोन सेकंदांची फट पडते. शेवटी प्रत्येक गाण्याआधी चित्र काळं होणारी जागा शोधून तिथं ट्रॅक तोडला. पाचपैकी चार गाण्यांना अशी जागा मिळाली. पाचवं गाणं बोलता बोलता सुरू होतं, ते तोडलं नाही. तिथवर आल्यावर मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘‘ते वाक्य ऐकल्याशिवाय गाणं ऐकण्यात अर्थच नाही.’’

सीडी राइट करताना एक चूक महागात पडली. चाचणीसाठी सीडी-आरडब्ल्यू वापरली, म्हणजे पुसून पुन्हा वापरता येईल. प्लेअरनं ‘नो डिस्क’ दाखवलं. आरडब्ल्यू साध्या सीडी-आरपेक्षा बराच कमी प्रकाश परत फेकते, जुन्या लेझरला ती दिसतच नाही. मी मात्र दोष फाइलमध्ये शोधत बसलो आणि सगळं पुन्हा एनकोड केलं. साधी सीडी-आर, ८ एक्सचा वेग, डिस्क-ॲट-वन्स (अख्खी डिस्क एका दमात लिहिणं), यावर सगळं सुरळीत चालतं. एनकोडिंगचा बफर, म्हणजे आलेले बिट प्लेअर घटकाभर साठवतो ती जागा, ४० किलोबाइटच ठेवायचा. तो वाढवून पाहिला तेव्हा लॅपटॉपवर काही बिघडलं नाही, प्लेअर मात्र प्रत्येक मोठ्या कटला थांबला.

दुसऱ्या सिनेमावर आजच हात घातला आणि दुपारी त्याचा नमुना मामांना दाखवला. ओटीवरून उठून ते टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, ‘‘अरे, माणसाच्या मागनं दुसरा माणूस कसला चालतो?’’ बरोबर दिसलं त्यांना. फ्रेमा पाहिल्या तर दातेरी एकही नाही, पण हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला धूसर जोडसावली. म्हणजे पालची टेप एनटीएससी करताना कुणीतरी दोन-दोन फ्रेम एकमेकींत मिसळून टाकल्या आहेत. यावर फील्डमॅच चालणार नाही. ॲव्हीसिंथ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं ‘एसरिस्टोर’, मिसळलेल्या फ्रेम सुट्या करणारं, लावून २५ फ्रेम परत मिळतात का, ते रात्री पाहतो. मिळाल्या तर ही व्हीसीडी पाल होईल, ३५२ बाय २८८. प्लेअर दोन्ही चालवतो.

तिसऱ्या सिनेमाची डीव्हीडी तपासली, पाचांत तीन स्वच्छ, दोन दातेरी. ती सोपी जाईल.

मामांनी चौथं नाव सांगितलं आहे. तो सिनेमा रंगीत आहे आणि ६० वर्षं व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे त्याची व्हीसीडी मी करणार नाही. विकतचा दोन डिस्कचा संच पूर्वी दुकानांत मिळायचा. रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या सीडी लायब्रऱ्या बंद करणाऱ्यांकडे विचारायला सुरुवात केली आहे. पहिली डिस्क सापडली, दुसरी अजून नाही.