आमची वाटचाल : फ्लॉरेन्सच्या वेशीवरचं कुळाचं घर

फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, इम्प्रुनेताकडे चढणाऱ्या रस्त्यालगत आमचं सहा खोल्यांचं निवास आहे. मुळात ही ‘कासा कोलोनिका’, अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळाचं घर. खाली गोठा, वर माणसं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं कारखान्यांकडे वळली, 1964च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करारच बंद केले आणि तोस्काना प्रांतातली अशी किती तरी घरं ओस पडली.

घराचं खरं दुखणं भिंतींत होतं. साठ सेंटीमीटर जाडीच्या दगड-चुन्याच्या भिंतींना आधीच्या दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा मारलेला. पायातून चढणारी ओल चुन्यातून उडून जाते, सिमेंट तिला कोंडतं. मग ती आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे फुलतात आणि पापुद्रे सुटतात. हे सिमेंट छिन्नी-हातोडीनेच उतरवावं. ब्रेकर लावला की दगडाचे टवके निघतात. सांधे तीन सेंटीमीटर खोल खरवडले. क्षार कोरड्या ब्रशने झाडले, कारण पाणी मारलं तर ते पुन्हा आत मुरतात. भिंती अख्खा उन्हाळा उघड्या ठेवल्या. मग एकाला तीन वाळू धरून हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणाऱ्या) चुन्याचे दोन थर आणि वर ‘ग्रासेल्लो’चा, म्हणजे मुरवलेल्या चुन्याच्या लगद्याचा, बारीक हात. आपल्या वाड्यांचा चुना घाण्यावर मळत, इथे विरवलेला चुना महिनोन्‌महिने खड्ड्यात मुरवतात. दगड आधी भिजवला नाही तर तो चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा बोटाने भुरभुरतो. पारा पाच अंशांखाली गेला की काम बंद.

चेस्टनटच्या तुळया मधे ठणठणीत होत्या, भिंतीतली टोकं तेवढी कुजलेली. टोक कापून त्याच लाकडाचं नवं जोडलं आणि भोवती दोन बोटं हवेला जागा सोडली. कौलं उतरवताना एकेक टिचकी मारून पाहिलं : खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद्द वाजलं ते बाद. नवी कौलं खालच्या थरात, जुनी वर. त्यामुळे छपराचा रंग बदलला नाही.

फरशी इम्प्रुनेताच्या भाजक्या मातीची. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरच्या, वास्तुकार ब्रुनेलेस्कीच्या घुमटाची कौलंही याच गावची. जवसाचं तेल आणि मेण लावायची घाई नडते. आतली ओल जायच्या आधी मेण लागलं की पांढरे ढग उमटतात. आमची एक खोली अशी पुन्हा घासावी लागली.

खिडक्यांच्या आणि रंगाच्या परवानग्यांना वेळ जातो, तो धरूनच चालावं. पाहुण्यांची नोंद 24 तासांच्या आत पोलिसांच्या पोर्टलवर जाते आणि 2025पासून निवासाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक दारावर नि प्रत्येक जाहिरातीत लागतो. हिवाळ्यात रिकाम्या खोल्यांतही हीटिंग मंद चालूच ठेवतो. जाड भिंत तासाभरात तापत नाही.

चावी देतानाच नकाशावर शहरातली वाहनबंदीची हद्द, ‘झेडटीएल’, दाखवतो. गाडी शेजारच्या स्कांदिच्ची गावात विल्ला कोस्तान्झाच्या वाहनतळावर लावा आणि ट्रामने शहरात जा, असं सांगतो. न ऐकणाऱ्यांना कॅमेऱ्याचा दंड काही महिन्यांनी, भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत, घरी पोचतो आणि रागाचा ईमेल आम्हाला येतो.