नळी हलवायची नाही

रत्नागिरी, शनिवार रात्र

साप चावल्यावर रक्त गोठतंय की नाही हे बघायच्या तपासणीला आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात जेमतेम चार ओळी आहेत. २ मिली ताजं रक्त, काचेची स्वच्छ कोरडी नळी, २० मिनिटं अजिबात हलवायची नाही. आज कॅज्युअल्टीत सिस्टरनी ती माझ्याकडे सोपवली.

काका लावणीच्या शेतातून थेट आलेले, पाय चिखलाने भरलेले. बांधाचा दगड सरळ करताना बोटाला फुरसं चावलं. मनगटाला सुतळी करकचून बांधलेली. नळी साबणाने धुतलेली नाही ना, हे मी आधी विचारून घेतलं, कारण साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही. मग घड्याळ लावून बसले. काकी म्हणाल्या, "बाय, नुसती बसलीस काय गो? इंजेक्शन दे ना!" फुरशाचं विष रक्त गोठवणारे घटकच संपवतं, तेच बघतेय, असं त्यांना सांगितलं. त्यांना पटलं नसावं, आणि त्यांच्या जागी मलाही पटलं नसतं.

२० मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

डॉक्टरांनी लगेच सर्पविषरोधक लस सांगितली, १० कुप्या. ती पावडर विरघळवताना कुपी हळू गोल फिरवायची, जोरात हलवली की फेस होतो. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर द्यायचं अ‍ॅड्रिनलिन आधीच भरून शेजारी ठेवलेलं. मग दर ५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास. अंगावर गांधी उठतात का, हुडहुडी भरते का, हिरड्यांतून रक्त येतं का. सुतळी लस सुरू झाल्यावर डॉक्टरांसमोरच सोडली.

नर्सिंगला आहे म्हटलं की गावात अजून "म्हणजे इंजेक्शनं देणार" असंच म्हणतात. इंजेक्शन आम्ही सुरुवातीलाच शिकलो. काय बघायचं, किती वेळाने बघायचं आणि कशावर डॉक्टरांना हाक मारायची, बी.एस्सी.ची बाकीची वर्षं त्यातच जातायत. मला हे काम मनापासून आवडतं.

रक्त पुन्हा ६ तासांनी तपासलं, तेव्हा थोडं गोठलेलं होतं. पण अजून एक डोस लागला.

कम्युनिटी पोस्टिंगला आरोग्य शिक्षणासाठी मी हाच विषय घेणार आहे. लावणी संपायच्या आत, आशाताईंना सोबत घेऊन, वाडीतच. सुतळी बांधू नका, अंगठी-बांगड्या काढा, हात हलवू नका, १०८ ला फोन करा. मांत्रिकाबद्दलही बोलावं लागेल, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर. त्यासाठी काकींना विचारणार आहे, त्या येतील का बोलायला.