घमेल्यातला गोळा

रंगीत तालमीत पोरं हसली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. हसू नको तिथे आलं होतं.

मी विद्यापीठाच्या नाट्यविभागात प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळतो. त्या वर्षी मुलांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं होतं आणि प्रयोग मुद्दाम 16 डिसेंबरला ठेवला होता. 1972 साली याच तारखेला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. मूळ संस्थेने 19 प्रयोगांनंतर ते थांबवलं, तेव्हा कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी उभी केली. हे सगळं आमच्या मुलांना तोंडपाठ होतं. सहा आठवडे तालमी झाल्या होत्या. बारा नटांनी ओळीने उभं राहून केलेली माणसांची भिंत एका श्वासात वळत होती, झांजा जमल्या होत्या, लावणीला तर तालमीतच शिट्ट्या पडत होत्या.

या नाटकात प्रेक्षक हसतो, ताल धरतो आणि हसता हसताच कोतवालीच्या आवारात जाऊन उभा राहतो. भजन चालू असतं, भिंत पाठ फिरवून डुलत असते आणि तिच्यापलीकडे माणूस सोलला जात असतो. कॉलेजांचे प्रयोग मी पुष्कळ पाहिलेत. बहुतेक ठिकाणी नाचगाणं झकास होतं आणि क्रौर्य त्यात विरघळून जातं. आमच्याकडे तसं होऊ नये एवढीच माझी धडपड होती.

चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाला दिव्य, म्हणजे निर्दोष असल्याची परीक्षा, करायला लावतात तो प्रवेश. तापलेला लोखंडी गोळा त्याच्या हातावर ठेवायचा. तो गोळा मी चार दिवस खपून केला होता. पारदर्शक फायबरचा, आत लाल एलईडी, बटण सेल, वरून काजळीचा हात. अंधारात निखाऱ्यासारखा दिसायचा. पण तालमीत पहिल्या वर्षाची मुलं समोर बसली होती. शिपायाने सांडशीत गोळा धरून आणला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “अरे, चेंडू पेटला!” सगळं प्रेक्षागृह खदखदलं. ब्राह्मण झालेला मुलगा किंचाळत होता आणि लोक हसत होते. हलका गोळा हातावर असा अलगद बसला की त्याच्या किंकाळीवर मलाही विश्वास ठेवता येईना.

सरांनी तालीम थांबवली नाही. संपल्यावर जवळ आले आणि म्हणाले, “काका, गोळा बदला. नाहीतर प्रवेश कापू.” साडेसहाला प्रयोग. घड्याळात दीड वाजला होता.

बाहेर पिंपळाखाली येऊन बसलो. अग्निदिव्यात हातावर पिंपळाची सात पानं ठेवून ती दोऱ्याने बांधायची आणि वर तप्त लोखंड ठेवायचं, असं जुन्या स्मृतिग्रंथांत सांगितलंय. आम्ही पानं वगळली होती, ‘लांबून कोणाला दिसणार’ म्हणून. समोरच्या मैदानावर मुली गोळाफेकीचा सराव करत होत्या. एकीने फेकलेला गोळा मातीत ‘धप्प’ करून रुतला. तो आवाज ऐकला आणि मी उठलोच.

जिमखान्यात पुरुषांचा 7.26 किलोचा आणि मुलींचा 4 किलोचा असे दोन्ही गोळे होते. वहीवर सही करून 4 किलोचा उचलला. काळा, खरबरीत, एका अंगाला गंजलेला. सांडशीत तो धरला जाईना, म्हणून बांधकामावरून लोखंडी घमेलं मागून आणलं, तळाला चुलीतली राख पसरली. घमेलं हललं की गोळा राखेतून घरंगळून कडेला घासायचा. कर्र... कर्र... दिवा नाही, धूर नाही. तो आवाज तेवढा.

मुलगा अनवाणी असायचा, त्यामुळे गोळा पायावर पडण्याची मला खरी भीती होती. दोन शिपायांनी त्याची कोपरं खालून घट्ट धरायची, तिसऱ्याने घमेलं हाताखालीच ठेवायचं, गोळा सुटला तर घमेल्यातच पडेल. विंगेत वीस वेळा करून घेतलं. ढोलकी वाजवणाऱ्या मुलीला म्हटलं, “घमेलं आत आलं की थांबशील का गं?” ती म्हणाली, “काका, मी थांबले तरी भिंत गात राहू दे.” तिचं बरोबर होतं. सरांनीही मान डोलावली.

प्रयोगाला प्रेक्षागृह भरलं होतं. अर्धा तास लोक मनसोक्त हसले, टाळ्यांनी ताल धरला. मग घमेलं आलं. ढोलकी तुटली. भिंत पाठमोरी, खालच्या पट्टीत हरिनाम म्हणत डुलत राहिली. शिपायाने एकेक करून सात पानं त्याच्या तळव्यावर ठेवली आणि दोरा गुंडाळला. टाळ्यांचा ठेका काही जणांनी अजून धरला होता. तो एकेक करत विरला. शेवटची टाळी एकट्याचीच वाजली आणि मध्येच थबकली. कर्र... कर्र... गोळा हातावर ठेवला तेव्हा 4 किलो वजनाने मुलाचे हात सरकन खाली गेले, खांद्यापासून. ते अभिनयाने आलं नव्हतं. त्याची किंकाळी संपल्यावर गोळा घमेल्यात आदळला आणि मला विंगेत स्वतःचा श्वास ऐकू आला. कोणी हसलं नाही. भिंत वळली, हसतमुखाने पुन्हा गाऊ लागली, पण टाळी धरायला बराच वेळ कोणाचा हात उठला नाही.

प्रयोगानंतर तो मुलगा हौदावर हात धूत होता. मी तळवे पाहायला मागितले. भाजलेलं अर्थातच नव्हतं. गंजाचा तांबूस डाग होता आणि त्यात पिंपळाच्या पानाच्या शिरा स्पष्ट उमटल्या होत्या. म्हणाला, “काका, उद्याच्या प्रयोगालाही ताजीच पानं आणा. वाळकी पानं मोडतात, त्याचा आवाज होतो.”

सकाळी सातला पिंपळाखाली गेलो. एकवीस पानं काढली, मोडली तर हाताशी असावीत म्हणून.